९९९ वर्षांचा पट्टा कसा वाचावा

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली, भूकरमापक म्हणून, बहुतेक कोकणात. आता वर्षातले काही महिने मुलीकडे न्यूझीलंडला असतो. ती तारानाकी भागात राहते, स्ट्रॅटफर्डला. गावातून पूर्वेकडे गाडी काढली की थोड्याच वेळात सपाटी संपते आणि सोंडा, घळी, पुन्हा सोंडा असा उभा-आडवा मुलूख सुरू होतो. आज तिथे मेंढ्या चरतात. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे रिमू, टावा, राटा अशा झाडांचं गच्च जंगल होतं आणि सरकार त्याचे तुकडे पाडून पट्ट्याने देत होतं.

त्या पट्ट्यांचे कागद अजून घराघरांत आहेत. मी मोजणीवाला आहे हे कळलं की लोक पणजोबांचा कागद पुढे करतात. इंग्रजी त्यांची मातृभाषा, तरी मला विचारतात, यात नक्की लिहिलंय काय? आपली मंडळीही आता तिकडे बरीच आहेत. कोणी गावाबाहेर पाच-दहा एकर घेतलेत, कोणाला जुन्या दप्तराची हौस आहे. असा कागद हातात आला तर तो कसा वाचायचा, ते माझ्या पद्धतीने सांगतो.

आधी साल बघा

नाव, सही, शिक्का सगळं मागाहून. सर्वांत आधी तारीख बघा, कारण त्यावरून कायदा कळतो आणि कायद्यावरून पट्टेदाराची अवस्था. १८८२ च्या कायद्याचा कायम पट्टा असेल तर पहिली मुदत ३० वर्षांची, नंतर नूतनीकरण. १८९२ ते १९०७ मधला असेल तर बहुधा तुमच्या हातात ९९९ वर्षांचा पट्टा आहे. १९०७ नंतरचा असेल तर ६६ वर्षांचा, नूतनीकरणाचा.

या लेखात मी मधल्याबद्दलच बोलणार आहे, कारण डोंगराळ जंगल सर्वांत जास्त फोडलं गेलं ते याच काळात. १८९२ चा जमीन कायदा आणला जॉन मॅकेन्झी या जमीनमंत्र्याने. माणूस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला. जमीनदारांनी कुळांना घराबाहेर काढल्याच्या आठवणी सोबत घेऊन १८६० साली न्यूझीलंडला आलेला. त्याचं म्हणणं असं की जमीन सरकारचीच राहू दे, पण कुळाला कोणी उठवता कामा नये. कायद्याने घेणाऱ्यापुढे तीन पर्याय ठेवले. रोख खरेदी, २५ वर्षांचा भोगवटा आणि त्यात खरेदीचा हक्क, किंवा ९९९ वर्षांचा पट्टा. दुसऱ्यात खंड किमतीच्या ५ टक्के, तिसऱ्यात ४ टक्के, आणि तो ४ टक्के पुढची ९९९ वर्षं न वाढणारा. मुंबईतल्या काही जुन्या भाडेपट्ट्यांत हा ९९९ चा आकडा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

त्या आकड्यावर फार रेंगाळू नका. कागद पाहणारा प्रत्येक जण तिथेच अडकतो. कुटुंबाचं काय झालं हे ठरवलं पहिल्या सहा वर्षांनी, आणि त्यांचा हिशेब शर्तींच्या बारीक अक्षरांत असतो.

मग प्रत आणि किंमत

कसाप्रमाणे जमिनीच्या दोन प्रती, म्हणजे दर्जे, केलेले असत. पहिल्या प्रतीची किंमत एकरी किमान १ पौंड, दुसऱ्या प्रतीची किमान ५ शिलिंग (२० शिलिंगांचा १ पौंड). एका माणसाला पहिल्या प्रतीची जास्तीत जास्त ६४० एकर घेता येई, दुसऱ्या प्रतीची २००० एकर. एकाच जमिनीला त्याच दिवशी दोघांचे अर्ज आले की सोडत. अर्जाबरोबर अर्ध्या वर्षाचा खंड आणि पट्ट्याची फी भरायची, पुढचा खंड सहामाही, १ जानेवारी आणि १ जुलैला. पावत्या सापडल्या तर याच तारखांच्या आसपासच्या असतील.

समजा २०० एकर, दुसरी प्रत, एकरी १५ शिलिंग. किंमत झाली १५० पौंड. ४ टक्क्यांनी वर्षाचा खंड ६ पौंड. फार नाही, मजूर माणसालाही झेपेल असा. आता शर्ती लावा. पहिल्या वर्षात किमतीच्या १० टक्के रकमेच्या जमीनसुधारणा करायच्या, दुसऱ्या वर्षात आणखी १० टक्के, आणि सहा वर्षांच्या आत आणखी १०. म्हणजे ४५ पौंड झाले. याशिवाय त्याच सहा वर्षांत पहिल्या प्रतीवर एकरी १ पौंड, दुसऱ्या प्रतीवर एकरी १० शिलिंगांच्या सुधारणा. २०० एकरांवर ते १०० पौंड. एकूण १४५. सहा वर्षांचा खंड ३६ पौंड आणि सुधारणा १४५ पौंडांच्या! कागद घेऊन येणाऱ्याला मी आधी हा हिशेब वहीवर करून दाखवतो, कारण पणजोबा रात्रंदिवस कुऱ्हाड का चालवत होते, ते त्यातून कळतं.

सुधारणा म्हणजे काय, हेही कायद्यात दिलेलं होतं. जंगल साफ करणं, दलदल उपसणं, कुंपण, चर, लागवड, घर. उभं जंगल या हिशेबात शून्य. ते ठेवलं तर शर्तभंग, कापलं आणि जाळलं तर सुधारणा. न्यूझीलंडमधले लोक आज आपल्या आजे-पणज्यांना जंगल संपवल्याबद्दल दोष देताना ऐकतो, तेव्हा मी त्यांना शर्तीचं कलम वाचायला सांगतो. पणजोबाला झाडाचं प्रेम होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. पण प्रेम असतं तर जमीन गेली असती.

राहण्याची शर्तही होती. उघड्या जमिनीवर एका वर्षात, जंगलात किंवा दलदलीत चार वर्षांत राहायला यायचं, आणि ९९९ च्या पट्ट्यात सलग १० वर्षं तिथेच राहायचं. जंगलाला चार वर्षं का दिली, हे तिथला उतार बघितला की विचारावं लागत नाही.

तारखा ऋतूंशी जुळवा

हे काम मला सर्वांत आवडतं आणि फारसं कोणी करत नाही. आपल्या उलट, तिकडे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. जंगलाचं वेळापत्रक त्यावर बांधलेलं असे. हिवाळ्यात आणि वसंतात आधी खालचा झाडोरा, वेली, नेचे कोयत्याने साफ करायचे, मग मोठी झाडं पाडायची. उतारावर झाड एकेक करून कोणी पाडत नसे. खालच्या झाडांना अर्धवट घाव घालून ठेवायचे आणि वरचं एक दांडगं झाड पूर्ण तोडून त्यांच्यावर सोडायचं, की सगळी ओळ कोसळत खाली. यात माणसंही जात. पाडलेलं जंगल काही महिने वाळायचं, आणि जानेवारी ते मार्चमध्ये कोरडी हवा आणि वारा बघून पेटवायचं. राख ऊबदार असतानाच त्यात गवताचं बी फेकायचं. कॉक्सफूट, रायग्रास, पांढरा क्लोव्हर. कॉक्सफूटचं पुष्कळसं बी अकारोआच्या डोंगरांतून येई.

सगळा डाव त्या एका पेटवणीवर. उन्हाळा ओला गेला तर ओंडके अर्धवट जळत, राख मिळत नसे, बी उगवत नसे, आणि पुढच्या वर्षी तिथे नेचे आणि मकोमाकोच्या झुडपांचं रान. पाडण्याची मजुरी गेलेली असते, ती एकरी एक ते दोन पौंडांच्या घरात. उलट वारा फिरला तर आग शेजाऱ्याच्या घरात. हॉक्स बे भागातलं नॉर्सवुड हे स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांचं गाव १८८८ साली अशाच जंगलाच्या आगीत जळालं.

म्हणून कागदावर तारीख दिसली की महिना बघा. ऑगस्टमध्ये पट्टा मिळाला असेल तर पाडणी घाईत झाली असणार. मार्चमध्ये मिळाला असेल तर येता उन्हाळा हातात, मजूर शोधायला वेळ. मे-जूनमध्ये मुदतवाढीचा अर्ज दिसला तर पेटवणी फसली असावी असा संशय घ्या आणि त्या वर्षीच्या जानेवारी-मार्चची वर्तमानपत्रं काढा. बहुतेक वेळा पावसाची बातमी सापडते.

गवत उगवून मेंढ्या येईपर्यंत रोख पैसा कुठून? एक वाट सरकारी रस्त्याच्या कामावर मजुरी. दुसरी गमतीची. पाडलेल्या ओल्या ओंडक्यांवर कानासारखी बुरशी उगवे. तारानाकीत चू चोंग नावाचे चिनी व्यापारी ती विकत घेऊन चीनला पाठवत. कित्येक घरांचं वाणसामान त्या बुरशीवर आलं. घरच्या जुन्या वहीत 'फंगस' असं दिसलं तर औषधोपचाराची नोंद समजू नका, ती जमेची बाजू आहे. १८९४ पासून सरकारी कर्जाचीही सोय झाली, पट्टेदारालाही मिळे. पट्ट्याच्या मागे गहाणाची नोंद असेल तर ती कोणाच्या नावे आहे, बघा.

नकाशा, आणि उतार

आता माझ्या धंद्याचा भाग. क्षेत्र लिहिलेलं असतं एकर, रूड, पर्च असं. घाबरू नका, आपल्याकडे हे सरळ बसतं. एक रूड म्हणजे १० गुंठे, चार पर्च म्हणजे १ गुंठा. २०३ एकर २ रूड १६ पर्च म्हणजे २०३ एकर २४ गुंठे. कारण साधं आहे, दोन्हीकडची मोजणी इंग्रजांच्या ६६ फुटी साखळीवरून निघाली. आपली ३३ फुटी साखळी त्याची निम्मी, आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे गुंठा.

हे क्षेत्र आडव्या पातळीतलं असतं, हे मात्र कायम लक्षात ठेवा. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीत आम्ही साखळी टप्प्याटप्प्याने आडवी धरत उतरायचो, तेही तसंच करत. खंड त्या आडव्या क्षेत्रावर लागतो. पण झाडं पाडायची, बी पेरायचं ते प्रत्यक्ष उतारावर. ३० अंशांचा उतार असेल तर २०० एकरांचा प्रत्यक्ष पृष्ठभाग भरतो २३१ एकर. २० साखळ्यांच्या हद्दीला कुंपणाची तार लागते २३ साखळ्या. हा फरक पट्ट्यात कुठेही येत नाही, तो पट्टेदाराच्या खांद्यावर येतो. शेतकऱ्याला विचारा, सर्वांत उभा भाग कोणता. मग तो नकाशावर शोधा आणि कोनाचा हिशेब स्वतः करा.

नकाशावर हद्दी कशा काढल्यात तेही बघा. सोंडेच्या माथ्यावरून किंवा ओढ्याच्या काठाने हद्द गेली असेल तर मोजणीवाला शहाणा होता. सरळ रेष तीन घळी ओलांडून गेली असेल तर कचेरीत बसून आखलेली आहे. त्या रेषेवर कुंपण कधीच झालं नसेल, शेजाऱ्यांनी आपापसात सोयीची हद्द ठरवली असेल, आणि तो घोळ आजपर्यंत चालू असेल.

रस्त्याकडे विशेष लक्ष द्या. नकाशावर एक साखळी, म्हणजे ६६ फूट रुंदीचा रस्ता दाखवलेला असतो. जंगलातल्या जमिनींच्या किमतीत या रस्त्याचा खर्च आधीच मिळवलेला असे. म्हणजे कुळ रस्त्याचे पैसे खंडातून भरत राही, रस्ता मात्र येई सावकाश, कधी येतच नसे. आला तरी तिकडचा खडक 'पापा', मऊ राखाडी चिखलदगड. पावसात घोडं पोटापर्यंत रुतायचं. व्हांगामोमोना हे गाव १८९० च्या दशकात वसलं, रेल्वे तिथे पोचली १९१४ साली. वीस वर्षं चिखल. असे कधीच न बांधलेले रस्ते कायद्याने आजही रस्तेच आहेत. सरकारी नकाशांवर ते पाहता येतात, आणि त्यावरून पायी जाण्याचा हक्क जनतेला आहे. जमीन घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे आधी तपासावं. नंतर कोणी अनोळखी माणूस कुत्रं घेऊन तुमच्या कुरणातून चालत गेला की चिडून उपयोग नाही.

कागद कुठे शोधायचे

घरात काहीच नसेल तर नावावरून शोधू नका. नावांचं लेखन बदलतं, स्कँडिनेव्हियन आणि पोलिश नावांचं तर फारच. सेक्शन, ब्लॉक आणि सर्व्हे डिस्ट्रिक्ट, या तीन गोष्टी आजच्या मालकीपत्रावर मिळतात. आपल्या गट नंबर, गाव, तालुक्यासारख्याच त्या धरून मागे जायचं.

मोजणी नकाशे आणि जुनी मालकीपत्रं लँड इन्फर्मेशन न्यूझीलंड या खात्याकडे, फी भरून मिळतात. पट्ट्याच्या फायली आर्काइव्ह्ज न्यूझीलंडमध्ये. त्यांच्या सूचीत आधी घरून शोधा, फाईल कोणत्या शहरात आहे ते पाहून मगच निघा. वाचनकक्षात पेन नेऊ नका, पेन्सिल न्या.

सर्वांत मोठा खजिना फुकट आहे. पेपर्स पास्ट या संकेतस्थळावर तारानाकी हेरल्डसारखी जुनी वर्तमानपत्रं शब्दानुसार शोधता येतात. 'लँड बोर्ड' हे शब्द घाला आणि सोबत ब्लॉकचं किंवा सर्व्हे डिस्ट्रिक्टचं नाव. जिल्ह्याच्या जमीन मंडळाच्या बैठकीचा वृत्तांत छापून येई. कोणाला सोडत लागली, कोणी राहण्याच्या शर्तीतून सूट मागितली, कोणाच्या जमिनीवर पाहणी अधिकारी जाऊन आला, कोणाचा पट्टा रद्द झाला. आपल्याकडे जे शेरे रकान्यात दबून राहतात, ते तिथे चहाबरोबर लोक वाचत.

पट्ट्यावरचे शेरे तीन प्रकारचे. 'ट्रान्सफर्ड' म्हणजे मंडळाच्या परवानगीने दुसऱ्याला दिला. आपल्या वर्ग २ च्या जमिनीसारखीच ही परवानगी. 'सरेंडर्ड' म्हणजे पट्टेदाराने स्वतः सोडला. 'फॉरफिटेड' म्हणजे शर्तभंगामुळे काढून घेतला. तिसरा शेरा दिसला की घरचे लोक गप्प होतात. त्यांना मी उताराचा हिशेब दाखवतो. आणि त्याच सेक्शनवर पुढच्या माणसाचा पट्टा शोधायला सांगतो. नव्या कुळाने आधीच्याच्या सुधारणांची किंमत भरलेली असे, तिथे पणजोबांच्या कुऱ्हाडीचा आकडा पौंडांत मिळतो.

१९१२ साली पंतप्रधान मॅसी यांच्या सरकारने या पट्टेदारांना मालकी विकत घेण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे बहुतेक ९९९ वर्षं वीस-पंचवीस वर्षांतच आटोपली. कागदांचा माग तिथे तुटला असं वाटलं तर मालकीपत्राच्या नोंदवहीत पुढे जा.

पट्ट्याच्या आधीचं पान

पट्ट्यावर पहिला मालक म्हणून राणी किंवा राजा असतो. तिथे थांबलात तर अर्धा फेरफार वाचलात. जमीन राजाकडे कशी आली ते शोधा. तारानाकीत दोन मुख्य वाटा. १८६३ च्या कायद्याखाली १८६५ साली माओरींच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, जमिनींची केलेली जप्ती, किंवा जप्तीच्या रेषेबाहेर सरकारी खरेदी, ती बहुतेक नेटिव्ह लँड कोर्ट या माओरी जमिनींच्या न्यायालयातून, जिथे सामाईक जमिनीला आधी निवडक नावं लावली जात आणि मग ती नावं एकेक करून विकत घेतली जात. सामाईक जमिनीवर मोजकी नावं लावल्याने काय होतं, हे रायगडातल्या दळीचे, म्हणजे जंगलातल्या उतारावर आदिवासी कसत त्या जमिनींचे, कागद पाहिलेल्याला सांगायला नको.

सर्व्हे डिस्ट्रिक्टचं नावच पुष्कळदा खूण देतं. एकाचं नाव आहे न्गातीमारू. न्गाती मारू ही त्या डोंगरांतली जमात, आणि त्यांच्या जमिनींबाबतच्या तडजोडीचा कायदा झाला २०२२ साली. त्या कायद्यासोबतचा इतिहास वाचा. पट्ट्याच्या कागदात ज्यांचं नावही नाही, ती माणसं तिथे भेटतात. माझा शेजारी हे वाचून दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच आणखी कागद मागायला आला.

जागेवर जाताना

शेतकऱ्याला विचारल्याशिवाय फाटक उघडू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात कोकरं होतात तेव्हा तर विचारूही नका. बूट धुऊन जा. घराची जागा शोधायची तर उभ्या भिंतींच्या मागे लागू नका. लाकडी घर जळतं, कुजतं. विटांचं धुराडं, रांगेत लावलेली परदेशी झाडं, हायड्रेंजिया, ओळीने फुलणारे डॅफोडिल, या खुणा टिकतात. उतारावर जळके बुंधे अजून दिसतात. मुळं कुजली की पापाच्या उतारावर दरड येते, म्हणून गवतावर जिथे राखाडी ओरखडे आहेत तो भाग नकाशावर मांडून घ्या. बहुतेक वेळा 'सुधारणा' तिथेही झालेली असते.

हे सगळं टोकाला गेलेलं पाहायचं असेल तर मंगापुरुआच्या खोऱ्यात जा. ते पट्टे उशिराचे, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना दिलेले, पण हिशेब तोच. पक्का पूल झाला १९३६ साली, तोवर बरेच लोक निघून गेले होते. १९४२ मध्ये उरलेल्यांनाही खोरं सोडावं लागलं. पूल उभा आहे, जंगल परत आलंय, आणि आता तो भाग व्हांगानुई राष्ट्रीय उद्यानात आहे.

आणि कुठेही गेलात तरी खणू नका. जुन्या बाटल्या, नाणी, कुऱ्हाडीची पाती दिसली की हात शिवशिवतात. पण १९०० पूर्वीच्या मानवी वस्तीची कोणतीही जागा तिथल्या २०१४ च्या वारसा कायद्याने संरक्षित आहे, परवानगीशिवाय उकरणं गुन्हा आहे. १८९५ चं धुराडं त्यात येतं, आणि त्याच्याखाली त्याहून जुनी माओरी चूल असेल तर तीही. फोटो काढा, अंतर मोजा, नकाशावर टिंब द्या. टेप ३० मीटरची न्या, उतारावर दोघं जण लागतात.